हाडांचे बळ : चुन्याचा अंश, ऊन आणि शाळा

(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या आरोग्यशिक्षणासाठी एक पाठ व शिक्षकांसाठी विवेचन)

मुंबई-आग्रा रस्त्यावरील सोनगीर हे गाव किल्ल्यासाठी जसे ओळखले जाते, तसेच तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीही. अशा गावी पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब मुलांनी पाहिलेला असतो. तो बंब बरीच वर्षे वापरात असेल तर त्याच्या आतल्या बाजूस पांढुरका, खरबरीत थर बसलेला आढळतो. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात चुन्याचा अंश विरघळलेला असतो. पाणी तापले की तो अंश वेगळा होऊन भांड्यास चिकटतो. घरातील बाई चिंच किंवा लिंबू लावून तो थर काढते. मुलांना या गोष्टीचे नवल वाटत नाही, कारण ती रोजची आहे. शिक्षकाने मात्र तिच्यातूनच आजच्या पाठाचा आरंभ करावा. जो धातू बंबाच्या थरात आहे, तोच धातू निराळ्या रूपाने प्रत्येक मुलाच्या हाडांत व दातांत आहे. त्याचे नाव कॅल्शियम.

हा विषय प्राथमिक शिक्षकाने कशासाठी शिकवावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. औषधपाणी हे डॉक्टरांचे काम होय. परंतु हाडे भरण्याचे वय हे शाळेत जाण्याचेच वय आहे. शिवाय गावात मुलाला रोज चालताना, धावताना व बसताना पाहणारा, घराबाहेरचा असा एकच मनुष्य असतो. तो म्हणजे त्याचा शिक्षक. लोहाच्या गोळ्या मुलांच्या हातावर ठेवणाराही तोच. तेव्हा या विषयाचे नेमके ज्ञान त्याला असणे अगत्याचे आहे.

१. पाठाची उद्दिष्टे

(अ) हाड कशाचे बनलेले असते हे मुलांना प्रयोगाने दाखविणे.
(आ) अन्नातील कॅल्शियम अंगी लागण्यास उन्हाची गरज असते, हे समजावून देणे.
(इ) आपल्या गावच्या अन्नातून कॅल्शियम किती मिळते याचा हिशेब मुलांकडून करून घेणे.
(ई) गोळ्या, शक्तिवर्धके व खाण्याचा चुना यांविषयीच्या चुकीच्या समजुती दूर करणे.

२. साहित्य

अंड्याचे कवच किंवा शिंपला, लिंबाचा रस, काचेचे दोन पेले, शिरका, कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ धुतलेले हाड, हातभर लांबीची सरळ काठी, मूठभर तीळ, शेवग्याची किंवा मेथीची पाने. वर्गातील काही मुलांच्या घरी अंडी व मांस वर्ज्य असेल, तर हाडाचा प्रयोग टाळून शिंपला किंवा बंबातील थराची खपली घ्यावी. प्रयोगाचे तत्त्व त्यातूनही कळते.

३. प्रस्तावना

पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत. बंबातील पांढरा थर कोठून आला? तो काढण्यास आंबट पदार्थच का लागतो? तान्ह्या बाळाचे हाड व आजोबांचे हाड यांत काय फरक असेल? पडल्यावर लहान मुलाचे हाड लवकर सांधते आणि आजीचे लवकर का सांधत नाही? उत्तरे बरोबर आली नाहीत तरी चालतील. मुलांचे लक्ष विषयाकडे वळणे एवढाच येथे हेतू आहे.

४. विषयप्रतिपादन

(अ) हाड कशाचे असते?

एका पेल्यात लिंबाचा रस घेऊन त्यात कवचाचा तुकडा टाकावा. लगेच बुडबुडे येऊ लागतील. आम्लाने कवचातील चुन्याचा अंश विरघळत आहे, हे मुलांस सांगावे. दुसऱ्या पेल्यात शिरका घालून त्यात कोंबडीचे हाड बुडवावे व पेला झाकून ठेवावा. मधून मधून शिरका बदलावा. काही दिवसांनी हाड बाहेर काढले असता ते रबरासारखे वाकते. आकार तोच, पण ताठरपणा गेलेला. हाडातील खनिज निघून गेले व मऊ, चिवट भाग तेवढा उरला.

याच्या उलट, चुलीत जळालेले हाड मुलांनी पाहिलेले असते. ते पांढरे दिसते व चिमटीत दाबताच त्याचा भुगा होतो. तेथे चिवट भाग जळून जातो व खनिज मागे राहते. यावरून हाड दोन वस्तूंचे बनलेले असते, असे अनुमान मुलांकडूनच काढून घ्यावे. चिवट भाग हा प्रथिनाचा असून कठीण भाग मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फरस यांचा असतो. घर बांधताना लोखंडी सळ्या व सिमेंट दोन्ही लागतात, त्याप्रमाणेच हे होय.

(आ) हाड ही एक पेढी आहे

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलोग्रॅम कॅल्शियम असते. त्यापैकी शेकडा ९९ भाग हाडांत व दातांत असतो. उरलेला एक भाग रक्तात व इतर अवयवांत असतो. पण या एका भागावाचून हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल आणि रक्ताचे साकळणे यांपैकी एकही काम नीट होत नाही. म्हणून रक्तातील प्रमाण कमी होऊ लागले की शरीर हाडांतील साठा काढून ते भरून घेते. पेढीत ठेव ठेवावी व अडीअडचणीला काढावी, तसाच हा व्यवहार आहे. ठेव न टाकता केवळ काढीतच राहिले तर पेढी रिकामी होते, हे मुलांना सांगावयास नको.

या पेढीत मोठ्या रकमेची ठेव टाकण्याचा काळ फार थोडा असतो. हाडांतील एकंदर संचयाचा बहुतेक भाग वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत भरतो. तिशीनंतर भर पडणे जवळजवळ थांबते आणि उतारवयात, विशेषतः स्त्रियांची मासिक पाळी थांबल्यावर, साठा वेगाने ओसरू लागतो. आज सहावीच्या वर्गात बसलेली मुलगी पुढे आई होईल, आजी होईल. तिच्या साठाव्या वर्षी पाय घसरून खुब्याचे हाड मोडेल की नाही, हे पुष्कळ अंशी या दहा-बारा वर्षांत ठरत असते.

(इ) नाशिकची पाहणी आणि उन्हाचे महत्त्व

लहान मुलांची हाडे मऊ राहून पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, मूल उशिरा चालू लागते. या रोगास मुडदूस म्हणतात. सुमारे शंभर वर्षांपूर्वी त्याच्या कारणांविषयी मोठा वाद चालू होता. अन्न निकृष्ट म्हणून हा रोग होतो, असे काहींचे मत होते. अंधारे घर हे त्याचे कारण होय, असे इतरांचे म्हणणे होते. त्या वेळी हचिसन व शहा या दोघा संशोधकांनी आपल्या शेजारच्या नाशिक येथे पाहणी केली. तिचा वृत्तांत १९२२ साली इंग्लंडातील एका वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध झाला.

त्यांना आढळले ते प्रचलित समजुतीच्या उलट होते. ज्या सुखवस्तू घरांत खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण स्त्रिया पडद्यात राहत व तान्ही मुले आतल्या खोलीत ठेवली जात, तेथे मुडदूस आढळे. ज्या गरीब घरांत भरड धान्यावर गुजराण होती व दूध क्वचितच मिळे, पण आई मुलाला घेऊन शेतावर जाई, तेथे तो विरळा होता. फरक होता तो उन्हाचा. त्याच सुमारास, १९१९ साली, बर्लिन येथे हुल्डशिन्स्की या डॉक्टराने अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी करून दाखविली होती. पुढे त्यातील मर्म उलगडले. उन्हातील हे किरण कातडीवर पडले की शरीरात जीवनसत्त्व ड तयार होते. ते पुरेसे नसेल तर अन्नातील शंभर भाग कॅल्शियमपैकी दहा ते पंधरा भागच शरीर शोषून घेते. पुरेसे असेल तर तीस ते चाळीस.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या पाहणीवरून ‘ऊन आहे, मग दुधाची गरज काय?’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. आफ्रिकेतील नायजेरिया देशात ऊन भरपूर आहे; तरीही तेथील मुलांत मुडदूस आढळला. त्यांच्या रोजच्या अन्नात कॅल्शियम अवघे २०० मिलिग्रॅमच्या आसपास होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, नुसते जीवनसत्त्व ड देण्यापेक्षा कॅल्शियम दिल्याने ही मुले अधिक चांगल्या प्रकारे बरी झाली. तात्पर्य, धान्य व कोठाराची किल्ली दोन्ही लागतात. नाशिकच्या त्या घरांत धान्य होते, किल्ली नव्हती. नायजेरियात किल्ली होती, धान्य नव्हते.

मुलांना उन्हाचा पाठ काठीने शिकवावा. काठी मैदानात उभी रोवून तासातासाने तिची सावली मोजावी. सावली जेव्हा काठीच्या उंचीहून आखूड असते, तेव्हा हे उपयोगी किरण पुरेसे पोहोचतात. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात कवायत केल्याने अंगात हुरूप येतो, पण जीवनसत्त्व ड फारसे मिळत नाही. आपल्या भागात डिसेंबरच्या अखेरीस तर ऐन माध्यान्हीसच सावली उंचीएवढी होते. म्हणून हिवाळ्यात खेळाचा तास दुपारच्या सुमारास मोकळ्यावर घ्यावा. चैत्र-वैशाखात मात्र खानदेशचे ऊन जीवघेणे असते. त्या दिवसांत उशिराच्या सकाळी दहा-पंधरा मिनिटे, डोके झाकून व पाणी पिऊन बाहेर काढली तरी पुरे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग होत नाही, हेही सांगावे.

(ई) आपल्या ताटाचा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरविलेली रोजची गरज पुढीलप्रमाणे आहे : ४ ते ६ वर्षे, ५५० मिलिग्रॅम, ७ ते ९ वर्षे, ६५० मिलिग्रॅम, १० ते १२ वर्षे, ८५० मिलिग्रॅम, १३ ते १५ वर्षे व प्रौढ, १००० मिलिग्रॅम, अंगावर पाजणारी माता, १२०० मिलिग्रॅम.

आता सहावीतील एका मुलीचे ताट डोळ्यांसमोर आणावे. दिवसाकाठी ज्वारी-बाजरीचे ३०० ग्रॅम पीठ. त्यातून सुमारे ९० मिलिग्रॅम कॅल्शियम. वाटीभर डाळीतून सुमारे ३०. वांग्याच्या भाजीतून सुमारे २०. चहातील पाव पेला दुधातून सुमारे ६०. एकूण २००. गरज ८५०. पोट भरले, ढेकरही आली. पण हाडांच्या वाट्यास चौथा हिस्सासुद्धा आला नाही. आणि नायजेरियातील त्या मुलांचा आकडाही २०० च्याच आसपास होता, हे शिक्षकाने मनात धरावे.

ही तूट दुकानातील डब्याने भरावी लागते असे नाही. एक पेला (२०० ग्रॅम) दूध, दही किंवा तितक्या दुधाचे ताक घेतले तर सुमारे २४० मिलिग्रॅम मिळतात. शेवग्याची कोवळी पाने, मेथी, तांदुळजा यांपैकी एखादी पालेभाजी ७५ ग्रॅम खाल्ली तर सुमारे २०० मिलिग्रॅम. तिळाची चटणी तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम तिळांची, केली तर आणखी सुमारे २००. बेरीज ८४० होते. गरज जवळजवळ भागली. साक्रीच्या डोंगराळ भागात पिकणारी नागली ही तर या बाबतीत धान्यांची राणी होय. ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये २५ ते ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम. भाकरीच्या पिठात चौथा हिस्सा नागली मिसळली तरी पुष्कळ फरक पडतो.

पालकाची भाजी इतर दृष्टींनी चांगली असली, तरी तिच्यातील ऑक्झॅलिक आम्लामुळे तिचे कॅल्शियम अंगी फार थोडे लागते. धान्य व कडधान्य यांतील एक द्रव्यही खनिजांना धरून ठेवते. मटकीला मोड आणल्याने किंवा पीठ आंबविल्याने ते कमी होते. ताक तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवावयाचे तर भांड्यास चांगली कल्हई असली पाहिजे, नाहीतर ते कळकते व बाधते. सोनगीरच्या मुलांना ही गोष्ट घरीच विचारून येण्यास सांगावे.

या हिशेबात एक गोष्ट आकड्यांत मावत नाही. घरी गाय-म्हैस असते, पण दूध डेअरीत जाते. उरलेला पेला मुलाला मिळतो आणि मुलगी सर्वांच्या मागून जेवते. दहा ते पंधरा या वयात मुलीची गरज मुलाइतकीच आहे, हे वरील तक्ता सांगतो. पालकसभेत हा तक्ता मोठ्या अक्षरांत लावावा. कोणास दोष न देता एवढेच सांगावे की, विकलेल्या दुधाचा पैसा आज येतो आणि न प्यालेल्या दुधाची किंमत मुलगी बाळंतपणात व म्हातारपणी देते.

५. गोळ्यांविषयी

शासनाच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर स्त्रीस चौदाव्या आठवड्यापासून व बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा द्यावयाची असते. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व २५० एकक जीवनसत्त्व ड३ असते. ज्यांच्या अन्नात कॅल्शियम कमी आहे अशा स्त्रियांत गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका यामुळे कमी होतो. ही गोळी जेवणानंतर घ्यावी. लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणास अडथळा करते. कित्येक घरी दोन्ही गोळ्या एकदम गिळल्या जातात किंवा फळीवर पडून राहतात. वर्गातील मूल हा निरोप आईला अचूक पोचवू शकते.

शाळेत ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी व १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी अशी लोह व फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. ती जेवणानंतर द्यावी, पण त्याच वेळी दूध किंवा चहा देऊ नये. दुधाची वेळ वेगळी ठेवावी.

कॅल्शियमच्या गोळ्या शिक्षकाने स्वतःहून मुलांना देऊ नयेत. जेथे अन्नाने गरज भागत नाही किंवा रोग जडला आहे, तेथे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच त्या घ्यावयाच्या असतात. मूतखडा झालेल्या माणसाने तर विचारल्यावाचून त्या घेऊच नयेत. वेष्टनावरील आकडा कसा वाचावा, हा गणिताचा चांगला प्रश्न होईल. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये शेकडा ४० भाग कॅल्शियम असते. तर १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत कॅल्शियम किती? उत्तर : ५०० मिलिग्रॅम. एका वेळी ५०० हून अधिक घेतल्यास शोषण कमी होते, म्हणून मात्रा विभागून घेतात.

बाजारात ‘हाडे लोखंडासारखी करणारी’ म्हणून जी शक्तिवर्धके विकली जातात, त्यांचे मोल व त्यांतील कॅल्शियम यांची तुलना दुधाशी व तिळाशी मुलांकडून करून घ्यावी. जाहिरातीचे उत्तर आकड्याने दिलेले मुलांच्या लक्षात राहते.

६. खाण्याचा चुना व इतर खनिजे

गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खावा, असा सल्ला गावोगाव दिला जातो. चुन्यात कॅल्शियम असते हे खरे. पण तो दाहक आहे. तोंडाची व अन्ननलिकेची नाजूक त्वचा त्याने भाजते, आणि मोजमाप कोणाच्याच हाती नसते. चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना तो डोळ्यात उडून मुलांच्या डोळ्यांस कायमची इजा झाल्याची उदाहरणे डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदविली आहेत. असे घडल्यास क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा बराच वेळ धुवावा व मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

हाडांना मॅग्नेशियमही लागते. ते बाजरी, डाळी व पालेभाज्यांत पुष्कळ असते. फॉस्फरस धान्यातून सहज मिळतो. आयोडीनचा संबंध हाडांशी प्रत्यक्ष नसला, तरी वाढीशी आहे. म्हणून आयोडीनयुक्त मीठच वापरावे. मात्र खनिज जितके अधिक तितके चांगले, असा नियम नाही. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइड अधिक असल्याने दातांवर तपकिरी पट्टे पडतात व सांधे आखडतात. प्रमाण हाच आरोग्याचा आधार होय.

७. शिक्षकाने काय पाहावे?

मुलांचे दोन्ही घोटे जुळवून त्यांस सरळ उभे करावे. गुडघ्यांत फार अंतर राहते काय? किंवा गुडघे जुळले असता घोट्यांत फार अंतर राहते काय? मूल डुलत चालते काय? मनगटे जाड दिसतात काय? पाय दुखतात म्हणून ते खेळातून वारंवार बाजूस बसते काय? अशा मुलाचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक येईल तेव्हा त्यास आवर्जून सांगावे. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात मुडदुसाचा समावेश आहे. पथकाची वाट पाहण्याइतका वेळ नसेल तर पालकांसह मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. हे निरीक्षण करताना मुलाला वर्गासमोर उभे करून त्याच्या पायांविषयी काही बोलू नये. कवायतीच्या निमित्ताने सर्वांना एकदम पाहावे. ज्या मुलाला वर्गाने एकदा नाव ठेवले, ते मूल पुन्हा मैदानावर येत नाही. आणि ऊन तर मैदानावरच असते.

८. फळ्यावरील सारांश

हाड = चिवट भाग + खनिज. कॅल्शियमचा शेकडा ९९ भाग हाडांत व दातांत. अन्न हे धान्य, ऊन ही किल्ली. दूध, तीळ, नागली, पालेभाजी. लोह व कॅल्शियम वेगवेगळ्या वेळी. चुना खाऊ नये.

९. स्वाध्याय

(१) आपल्या कालच्या जेवणाची यादी करून कॅल्शियमचा अंदाज काढा. (२) काठीची सावली दर महिन्याच्या एकाच तारखेस दुपारी मोजून तक्ता ठेवा. (३) घरी शेवग्याचे झाड आहे काय? नसल्यास पावसाळ्याच्या आरंभी फांदी लावा. (४) आईस किंवा वहिनीस मिळालेल्या गोळ्या कोणत्या वेळी घ्यावयाच्या, हे घरी सांगा व त्यांनी काय उत्तर दिले ते लिहून आणा.

शेवटचा प्रश्न लहान दिसतो, पण शिक्षकांनी त्याची उत्तरे काळजीपूर्वक वाचावीत. कोणत्या घरी गोळ्या पोचल्या नाहीत, कोणत्या घरी त्या तशाच पडून आहेत, हे त्यातून समजेल व आशाताईस सांगता येईल. वाकलेले पाय पुष्कळदा उपचाराने सरळ होतात, परंतु ते वेळीच कोणाच्या तरी नजरेस पडले पाहिजेत. गावात अशी नजर शिक्षकाचीच असते, आणि ती या कामी लागावी एवढ्याचसाठी हा पाठ आहे.